घरफोडी झाल्यावर पोलीस येईपर्यंत आपण काय करावं, कशाला हात लावू नये?

शाल्मली_पाचपाखाडी

गेल्या गणपतीतली गोष्ट. आमच्या शेजारचं कुटुंब सणासाठी गावी, देवगडकडे गेलं होतं. आठ दिवसांनी पहाटे परतले तर दाराचा कोयंडा उचकटलेला. काकू जिन्यातच खाली बसल्या. त्यांचा आवाज ऐकून आम्ही सगळे धावलो. तीन मजल्यांवरची मिळून पंचवीसेक माणसं त्या दोन खोल्यांत शिरली.

कपाट उघडं, साड्या जमिनीवर, स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उपडा केलेला. काकू थोडे दागिने तांदळात ठेवायच्या, चोरांनी तिथेही शोधलं होतं. एका वहिनींनी साड्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या एकींनी, अन्नावर पाय पडायला नको म्हणून, सगळे तांदूळ झाडून सुपात भरले. काकूंना घेरी येत होती, म्हणून मी ओट्यावरचे दोन काचेचे पेले विसळले आणि त्यातून त्यांना पाणी दिलं.

दीड तासाने ठसेतज्ज्ञ आले. त्यांनी विचारलं, स्वयंपाकघरातलं काही हलवलंत का? तेव्हा काकू म्हणाल्या, "मी निघताना ओटा पुसून, सगळी भांडी मांडणीत लावून गेले होते."

म्हणजे ते पेले चोरांनी काढले होते, आणि ते मी धुतले.

दागिने अजून मिळालेले नाहीत. पेल्यावर ठसा मिळालाच असता असं नाही, एवढं मला कळतं. तरी रात्री तो नळाचा आवाज आठवतो. मी सोसायटीची सचिव आहे आणि मला आमच्या फलकावर एक पान लावायचं आहे: अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं आणि काय नाही. शिवाय पुरावा म्हणजे नक्की काय, कोर्टात काय चालतं, हेही आम्हाला कोणालाच धड माहीत नाही. पंच, म्हणजे पोलिसांच्या पाहणीचे साक्षीदार, व्हायला विचारलं तेव्हा पंचवीसातले तेवीस जण घरी निघून गेले. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

ऐरोलीकर_सुहास

वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा आईने सगळ्यात आधी देव्हारा पुसून काढला होता. चोराचे हात देवाला लागले म्हणून. तिला कोण काय बोलणार?

चेंदणीचा_दादा

ताई, मी ३१ वर्षं पोलिसात काढली. स्वतःला लावून घेऊ नका. मी घटनास्थळी पोचलो की बरेचदा चहाचा कप हातात यायचा, तोही त्याच घरातल्या गॅसवर केलेला. माणसं मायेने धावतात, म्हणूनच जागा बिघडते.

आता काय करायचं ते. कोयंडा तुटलेला दिसला की आत शिरायचंच नाही. चोर अजून आत असू शकतो. खाली या, ११२ ला फोन लावा. घरात कोणी जखमी असेल तर मात्र तो नियम नाही. आधी माणूस, मग पुरावा. त्यानंतर एका शांत डोक्याच्या माणसाला दारात उभं करा आणि पोलीस येईपर्यंत तोच राहू द्या. हातात वही. कोण आत गेलं, किती वाजता, कशाला हात लावला, दिवा चालू होता की बंद, खिडकी उघडी होती की लावलेली. घटनास्थळी पहिल्यांदा पोचणाऱ्या शिपायाचं कामही हेच असतं. तो तपास करत नाही, तो जागा राखतो.

दोरी बांधायची तर लांबून बांधतात. क्षेत्र नंतर लहान करता येतं, पण मोठं करायला जावं तर तोवर बाहेरच्या भागावरून गर्दी फिरून गेलेली असते. इमारतीत लोकांना वाटतं की गुन्हा फक्त फ्लॅटमध्ये झाला. जिना, गच्ची, मागची गल्ली, कंपाउंडची भिंत, हे सगळं त्यात येतं. मला एकदा कटावणी पाण्याच्या टाकीमागे सापडली होती. आत जायला-यायला एकच वाट ठरवायची, शक्यतो भिंतीच्या कडेने. माणूस घाईत खोलीच्या मधून चालतो, चोरही मधूनच चालतो.

ते तांदूळ झाडले ना, त्याची मला पेल्यांपेक्षा जास्त हळहळ वाटते. सांडलेल्या धान्यावर, पिठावर बुटाचा ठसा फार सुंदर उमटतो.

स्पष्ट_कोपरी

दादा, ऐकायला सगळं बरोबर. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा रात्री साडेदहाला फोन केला. दोन पोलीस तासाभरात आले, पण ठसेवाले दुसऱ्या दिवशी दुपारी. घरात ८२ वर्षांचे वडील, मुलीची दहावी. बाथरूमला जायचं नाही, गादी हलवायची नाही, मग आम्ही रात्रभर काय जिन्यात बसायचं? नागरिकांना शिकवायचं तेवढं शिकवा, पण यंत्रणेनेही वेळेत यायला हवं.

चेंदणीचा_दादा

@स्पष्ट_कोपरी, तुमची तक्रार खरी आहे आणि तिला मी उत्तर देणार नाही. उपाय सांगतो. जे पोलीस आधी येतात त्यांनाच विचारून एक खोली वापरायला मोकळी करून घ्या. ज्या खोलीत फोडाफोडी झाली तिचं दार लावून घ्या, त्यावर कागद चिकटवा. बाकीच्या घरात राहा. वापरण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, दारातून, चारही कोपरे येतील असे. आणि दिरंगाई झाली तर ठाणे अंमलदाराला कधी फोन केला त्याची वेळ त्याच वहीत लिहा.

सूक्ष्मदर्शी

मी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात एडमंड लोकार यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व आमच्या धंद्याचा पाया आहे: दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की दोघीही काहीतरी देतात आणि काहीतरी घेतात. चोर घरात केस, धागा, माती, ठसा सोडून जातो आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जातो. अडचण ही की हे तत्त्व शेजाऱ्यांनाही लागू होतं. पंचवीस माणसांनी पंचवीस जणांचं काहीतरी सोडलं. मग ठसेतज्ज्ञाला चोराचा ठसा शोधण्याआधी तुम्हा सगळ्यांचे ठसे घेऊन ते वगळावे लागतात.

ठसे ढोबळमानाने तीन तऱ्हेचे. रक्त, रंग, तेल लागलेल्या बोटाचा, जो डोळ्यांना दिसतो. मेण, साबण, ओली शाडू अशा मऊ पदार्थात दाबलेला. आणि घामाचा, जो दिसत नाही, पावडर किंवा रसायनाने उठवावा लागतो. काच, स्टील, सनमायका यांवर हा तिसरा चांगला मिळतो. म्हणून फडकं हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू. जाता जाता सांगते, जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग १८९७ मध्ये आपल्याकडे, कलकत्त्यात सुरू झाला. ठशांच्या ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्रींचं नाव लागलं त्याचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी केलं होतं.

एक गोष्ट फलकावर नक्की लिहा. रक्ताचा किंवा ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच घालू नये. ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि त्यातला डीएनए खराब होतो. आधी सावलीत सुकवायचा आणि मग कागदी पाकिटात. हे काम पोलिसांचंच, तुम्ही काही उचलायला जाऊ नका. पण कधी नाइलाजाने उचलावंच लागलं, समजा पाऊस येतोय आणि गच्चीवर काही पडलंय, तर शक्यतो न उचलता वरून घमेलं किंवा पाटी उपडी घाला.

सिस्टर_कळवा

घमेल्याची युक्ती फार आवडली.

माझा अनुभव अपघात विभागातला. जखमी आला की आम्हाला कपडे कापून काढावे लागतात. आमच्या वरिष्ठ सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: भोसकल्याची जखम असेल तर शर्टातल्या भोकातून कात्री घालायची नाही, बाजूने कापायचं. त्या भोकाचा आकार आणि जखमेचा आकार पुढे ताडून बघतात. कपडे झटकायचे नाहीत, फरशीवर टाकायचे नाहीत, नातेवाइकांच्या हातात "धुऊन आणा" म्हणून द्यायचे नाहीत. एका आईने मुलाचा शर्ट मागितला होता. मी दिला नाही. तिच्या डोळ्यात बघून नाही म्हणणं मला फार जड गेलं, पण पुढे तोच शर्ट मुद्देमाल म्हणून लागला.

खाडीवारा

मालिकांमध्ये श्वान येतं, वास घेतं आणि थेट आरोपीवर भुंकतं. ते खरं असतं का?

अॅड_कोर्टनाका

श्वान तपासाला दिशा देतं, पण त्याच्या मागावर कोणाला शिक्षा होत नाही. श्वानाचा उलटतपास घेता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण. सुप्रीम कोर्टाने आपल्या महाराष्ट्रातल्या अब्दुल रझाक मुर्तुझा दफेदार खटल्यात यावर सविस्तर लिहिलं आहे.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, गाभा फारसा बदललेला नाही.

तुमच्या इमारतीतलंच उदाहरण घेऊ. समजा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने चोराला दार फोडताना स्वतः पाहिलं आणि कोर्टात तसं सांगितलं. हा तोंडी पुरावा, आणि प्रत्यक्ष पुरावा. त्या मुलाने आईला सांगितलं आणि आई कोर्टात आली, तर तो ऐकीव. साधारणपणे चालत नाही; ज्याने पाहिलं त्यानेच यायला हवं. याला मोठा अपवाद मृत्युपूर्व जबानीचा, कारण सांगणारा माणूस पुन्हा येऊ शकत नाही. दागिन्यांची पावती हा दस्तऐवजी पुरावा. मूळ पावती प्राथमिक, तिची झेरॉक्स दुय्यम. कटावणी, कोयंडा, पेला या वस्तू, म्हणजे आपला मुद्देमाल.

पेल्यावर ठसा सापडला असता तर तो परिस्थितीजन्य पुरावा झाला असता. लोकांना वाटतं परिस्थितीजन्य म्हणजे कच्चा. तसं नाही. निव्वळ परिस्थितीजन्य पुराव्यावर जन्मठेपा झाल्या आहेत. मात्र साखळी पूर्ण लागते. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यात पाच कसोट्या घालून दिल्या, वकील मंडळी त्याला पंचशील म्हणतात. थोडक्यात, प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाशिवाय दुसरा कुठलाही अर्थ निघता कामा नये. त्या खटल्यात साखळी अपुरी पडली आणि आरोपी सुटला.

साखळीचा दुसरा अर्थ मुद्देमालाचा प्रवास. वस्तू कोणी उचलली, पंचांसमोर लाखेचं सील कधी लागलं, मुद्देमाल कारकुनाकडे कधी गेली, प्रयोगशाळेत कोणी पोचवली, तेव्हा सील शाबूत होतं का. बचावाचा वकील म्हणून मी उलटतपासात सर्वात आधी इथेच बोट ठेवतो. हे माझं कामच आहे. ठसा कितीही स्वच्छ असो, मधले चार दिवस पाकीट कुठे होतं हे कोणाला सांगता आलं नाही तर शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, आणि मिळायलाच हवा.

स्पष्ट_कोपरी

म्हणजे आम्ही रात्र जिन्यात काढायची आणि तुम्ही त्याला सोडवायचं.

अॅड_कोर्टनाका

राग समजतो. पण चुकीचा माणूस पकडला गेला तर त्याला वाचवणारी गोष्टही हीच आहे. न धुतलेला पेला निरपराध माणसालाही सोडवू शकतो.

नेरूळची_आजी

मी ७१ वर्षांची आहे. समोरच्या रो-हाउसमध्ये चोरी झाली तेव्हा मी पंच व्हायला तयार होते, पण मुलगा म्हणाला, "आई, कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्यात का?" मुलाच्या काळजीपोटी गप्प बसले. आता हे वाचून वाटतं, चुकलं. माझ्यासारखीला पोलीस ठाण्यात बोलावतात का?

अॅड_कोर्टनाका

आजी, नमस्कार. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला स्त्रियांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १७९. आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करायची नसते, हेही लक्षात ठेवा. पंचनाम्यावर मात्र पंचाची सही लागते. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

पंच म्हणजे त्या परिसरातली स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यक्ती, निदान दोन. झडतीच्या पंचाला कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय हजर राहावं लागत नाही. समन्स निघतं, हे खरं. पण आता दृक्‌श्राव्य माध्यमातून, सरकारने नेमून दिलेल्या ठिकाणाहून साक्ष देण्याची तरतूद आहे. आणि झडतीसाठी लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे, हे त्या तेवीस जणांनाही सांगा.

मीनल_सानपाडा

मी पंच होते. वाशीला नोकरी, दोनदा रजा टाकून कोर्टात गेले, दोन्ही वेळा तारीख पडली. तिसऱ्यांदा साक्ष झाली. वकिलांनी विचारलं, पंचनामा लिहिताना तुम्ही कुठे उभ्या होतात, वाचून सही केलीत की न वाचता? मी वाचून केली होती, आणि खिडकीच्या तुटलेल्या गजांची संख्या चुकली होती ती दुरुस्तही करून घेतली होती. ते सांगितल्यावर पुढचे प्रश्न आपोआप संपले. त्रास झाला का? झाला. पुन्हा करीन का? हो. फक्त कोऱ्या कागदावर सही कोणी मागितली तर देऊ नका.

चेंदणीचा_दादा

मीनलताई, तुमच्यासारखे पंच मिळाले असते तर माझ्या निम्म्या केसेस कोर्टात गळाल्या नसत्या. मनापासून सांगतो.

दूधवाला_पूल

अवांतर: गावी जाताना दार बंद असल्याचं कळू नये म्हणून पेपर आणि दूध बंद करा, शेजाऱ्यांना किल्ली द्या. आणि सोनं तांदळात नको हो.

ऐरोलीकर_सुहास

गणपतीला गावी जायचं तिकीट मिळेपर्यंत निघतो की नाही हेच ठरत नाही, पेपर कधी बंद करणार?

कॅमेरा_घोडबंदर

मी सोसायट्यांना सीसीटीव्ही बसवून देतो. धाग्यात कॅमेऱ्याचा विषय अजून कसा आला नाही?

चोरी झाली की समिती वॉचमनला सांगते, फुटेज मोबाइलवर घे. वॉचमन स्क्रीनचं चित्रण करतो आणि ते ग्रुपवर फिरतं. पोलीस चार दिवसांनी मूळ चित्रण मागतात, तोवर डीव्हीआरने, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राने, जुन्यावर नवं चढवलेलं असतं. डिस्कच्या क्षमतेप्रमाणे कुठे सात दिवस, कुठे पंधरा. ताईंच्या शेजारी आठ दिवस गावी होते. चोरी पहिल्याच रात्री झाली असेल आणि डिस्क सात दिवसांची असेल तर दार उघडायच्या आधीच ते पुसलं गेलं. म्हणून निदान तीस दिवसांची डिस्क बसवा. घटना कळल्याबरोबर तंत्रज्ञाला बोलवून तेवढा भाग पेनड्राइव्हवर उतरवा, हवं तर डिस्कच काढून ठेवा. आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेशी जुळतं का ते लिहून ठेवा. माझ्या बघण्यातली कितीतरी घड्याळं चुकलेली असतात.

अॅड_कोर्टनाका

याला जोडून. चित्रणाची प्रत कोर्टात द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५-ब. त्याचा अ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे बहुधा सोसायटीच्या सचिवाने भरायचा आणि ब भाग तज्ज्ञाने. त्यात हॅश मूल्य लिहायचं असतं. हा फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा. एक चौकट जरी बदलली तरी आकडा बदलतो. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. हा वाद सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात मिटवला. प्रकरण जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं, उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा हे कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं.

नव्या संहितेत पोलिसांनी झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करणं बंधनकारक आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आहे, ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे @स्पष्ट_कोपरी, तुमची तक्रार योग्य जागी आहे. ती लेखी करा.

स्पष्ट_कोपरी

करतो. कलमाचा आकडा द्या.

अॅड_कोर्टनाका

१७६, पोटकलम ३.

शाल्मली_पाचपाखाडी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. फलकासाठी हे लिहिलं आहे, चुकलं असेल तर सांगा:

"कोणाच्या घरी चोरी झाल्याचं दिसल्यास आत जाऊ नका. ११२ ला फोन करा, मग सचिवांना. घरमालकांना शेजारच्या घरात बसवा, पाणी-चहा तिथूनच द्या. एक जण दारात वही घेऊन थांबेल. काहीही झाडू, पुसू, धुऊ, घडी घालू नका, देव्हारासुद्धा. ओल्या किंवा उघड्यावरच्या वस्तूवर घमेलं उपडं घाला. जखमी असेल तर आधी त्याला हलवा. त्याच दिवशी डीव्हीआरची डिस्क काढून ठेवा. पंच म्हणून बोलावल्यास या, पूर्ण वाचून सही करा."

देव्हाऱ्याची ओळ सुहासदादांच्या आईंची आठवण ठेवून घातली. काकूंना हे पान आधी दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, पाणी शेजारून द्या, हे ठळक कर. आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

नेरूळची_आजी

शाल्मली, पेल्याचं ओझं आता उतरव, बाळा. "पंच म्हणून या"च्या खाली माझ्यासारख्यांसाठी एक ओळ घाल: वयस्कर आणि बायकांचा जबाब घरीच घेतात.

शाल्मली_पाचपाखाडी

घातली, आजी.

कॅमेरा_घोडबंदर, तुमचं वाचून आज खाली जाऊन पाहिलं. आमचा डीव्हीआर नऊ दिवसांचंच चित्रण ठेवतो आणि त्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. उद्या माणूस पाठवाल का?